दादा पूर्ण बरा होईपर्यंत मी थांबायचं का?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारी २९ वर्षांची, सहकारी बँकेत नोकरीला. तिचा मोठा भाऊ ३३ वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले, होस्टेलमधली मुलं आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटू लागलं. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. पुढे दोनदा ॲडमिट करावं लागलं. दुसऱ्या वेळचं कारण असं, की 'आता चांगला झालाय' म्हणून वडिलांनी गोळ्या थांबवल्या होत्या. त्यानंतरची सहा वर्षं तो गोळ्या नियमित घेतो आहे आणि ॲडमिट व्हायची वेळ आलेली नाही. पण दिवसाचा बराच वेळ तो पलंगावर असतो, फारसं बोलत नाही, आंघोळीसाठी दहा वेळा सांगावं लागतं, वजन वीस किलोंनी वाढलं आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, ते त्याला आळशी म्हणतात. आईने भिशी, भजनी मंडळ सगळं सोडलं आहे. मामांनी त्याच्यासाठी एका गरीब घरातली मुलगी पाहून ठेवली आहे. लग्न झालं की जबाबदारी कळेल आणि ताळ्यावर येईल, असं त्यांचं म्हणणं. या मैत्रिणीला स्वतःलाही स्थळं येतात. पाहुणे येणार असले की भावाला मावशीकडे पाठवून देतात.

ती विचारते: दादा पूर्वीसारखा होईल का, की आजार वाढतच जाणार? आई-पप्पांनंतर त्याचं सगळं मलाच करायचं आहे, तर मी लग्नाचा विचार सोडून द्यावा का? उद्या माझ्या मुलांनाही हे होईल का? आणि डॉक्टर पाच मिनिटांत 'स्टेबल आहे, हेच चालू ठेवा' म्हणून मोकळे होतात, त्यांना विचारायचं तरी काय?

प्रिय मैत्रिणी,

'पूर्वीसारखा होईल का' याला आजूबाजूचे लोक दोनच उत्तरं देतात. हा आजार कधी बरा होत नाही, नशीब म्हणायचं, हे एक. नाहीतर नोबेल मिळालेल्या गणितज्ञाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर धाडून देतात. पहिलं उत्तर चूक आहे. दुसरं खरं आहे, जॉन नॅश यांना स्किझोफ्रेनिया होता आणि १९९४ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण आंघोळीला उठत नसलेल्या तुमच्या दादाने त्याचं काय करायचं? मधल्या माणसांबद्दल कुणी बोलत नाही, आणि या आजारातली बहुतेक माणसं मध्येच कुठेतरी असतात.

आजार वाढतच जातो ही समजूत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत एमिल क्रेपेलिन या मानसोपचारतज्ज्ञांनी हा आजार म्हणजे तरुणपणी सुरू होऊन उतरणीलाच लागणारा ऱ्हास, असं मांडलं. त्यांच्यासमोर होते ते मुख्यतः वर्षानुवर्षं इस्पितळात पडून असलेले रुग्ण. आजही थोडंफार तेच होतं. ओपीडीच्या बाकावर पुन्हा पुन्हा दिसतात ते अजून आजारी असलेले. ज्यांचं बरं चाललं आहे ते आपापल्या कामाला गेलेले असतात आणि आपल्याला काय झालं होतं हे शेजाऱ्यालाही कळू देत नाहीत. त्यामुळे कधी कधी डॉक्टरांचा अंदाजही गरजेपेक्षा काळा होतो.

पण काही संशोधकांनी चिकाटीने माणसांच्या मागे वीस-तीस वर्षं जाऊन पाहिलं. झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयात मॅनफ्रेड ब्लॉयलर यांनी २०८ रुग्णांचा वीस वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केला. पहिल्या पाचेक वर्षांनंतर आजार सरासरीने आणखी बिघडत नाही, उलट बऱ्याच जणांचा निवळत जातो, असं त्यांना दिसलं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याची हकिगत मला त्याहून महत्त्वाची वाटते. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात ज्यांच्याबद्दल कुणी आशा धरत नव्हतं असे २६९ रुग्ण १९५० च्या दशकात पुनर्वसनाच्या कार्यक्रमात घेऊन बाहेर आणले गेले. कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ३२ वर्षांनी त्यांचा शोध घेतला. १९८७ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा निम्मे ते दोन तृतीयांश लोक बऱ्यापैकी सुधारलेले किंवा बरे झालेले निघाले.

आपल्या देशातही असं काम झालं आहे. चेन्नईत १९८१-८२ मध्ये पहिल्यांदाच आजारी पडून आलेल्या ९० जणांचा डॉ. आर. थारा आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. त्यात सतत, अखंड आजारी राहिलेले फार थोडे होते. एकदा बरे होऊन पुन्हा कधीच आजारी न पडलेलेही थोडेच. बाकीच्यांच्या वाट्याला अधूनमधून झटके, म्हणजे आजार पुन्हा उफाळून येणं, आणि मधली बरी वर्षं असं आयुष्य आलं. काही जण दगावले, त्यात आत्महत्याही होत्या. हे चित्र गोड नाही. पण 'संपलं सगळं' असंही नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर उद्या कुणी तुमच्यासमोर वेगळा आकडा ठेवेल आणि तुम्ही खचून जाल. २०१३ साली जगभरातले ५० अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा बरे झालेल्यांचं प्रमाण जेमतेम १३.५ टक्के आलं. फरक पडतो तो मोजपट्टीचा. या मोजणीत लक्षणं जवळपास नकोत, शिवाय काम, माणसांशी संबंध, रोजचं जगणं हेही ठीक हवं, आणि सुधारणा दोन वर्षं तरी टिकलेली हवी. ही पट्टी लावली तर कधीच आजारी न पडलेले माझे दोन-तीन नातेवाईकही नापास होतील.

तेव्हा आजार वाढतच जाईल असं धरून चालायला आधार नाही. दादा एकविसाव्या वर्षी होता तसाच होईल असं धरून चालायलाही नाही. त्याच्या वर्गातली मुलं पुण्याला गेली, बंगळूरला गेली, त्यांची लग्नं झाली. मधली वर्षं कुठलीच गोळी परत देत नाही. त्याचं वाईट वाटणारच, तुम्हाला आणि कदाचित तुमच्यापेक्षा जास्त त्याला. पण तुलना करायचीच तर मागच्या दिवाळीतल्या दादाशी करा.

आता मला पत्रात सर्वांत खटकलेल्या गोष्टीकडे येते. सहा वर्षं ॲडमिट व्हावं लागलं नाही, हे मोठं यश आहे आणि घरात ते कुणालाच यश वाटत नाही. त्याच सहा वर्षांत तो पलंगावर पडून आहे, हे मात्र सगळ्यांनी मान्य करून टाकलं आहे. पप्पा आळस म्हणतात, आई आजार म्हणत असेल, डॉक्टर स्टेबल म्हणतात. नेमकं कारण कुणी शोधलेलं दिसत नाही, आणि कारणं एकाहून जास्त असू शकतात.

गोळीची गुंगी हे एक. रात्रीची गोळी उशिरा घेतली की दुपारपर्यंत डोळ्यांवर झापड राहते. काही औषधांनी हालचाल मंदावते, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, नाहीतर पाय सतत चळवळत राहतात आणि माणसाला एका जागी बसवत नाही. हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तर डोस, वेळ किंवा औषध बदलता येतं. पण सांगावं लागतं. 'कसा आहे?' 'बरा आहे' एवढ्या संवादातून ते कळत नाही.

दुसरं, हा आजाराचाच एक चेहरा असू शकतो. आवाज येणं, संशय घेणं हे आजाराचं गाजावाजा करणारं रूप झालं. त्याचं दुसरं रूप मुकं असतं: काही करावंसंच न वाटणं, बोलणं आटत जाणं, आवडीच्या गोष्टीतही गोडी न उरणं. पहिल्या रूपावर गोळ्या चांगल्या चालतात, दुसऱ्यावर फारशा नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला मात्र हेच आळसासारखं दिसतं. पप्पांना एक साधी परीक्षा सांगा: आळशी माणूस क्रिकेटच्या मॅचला तरी उठून बसतो.

तिसरं, उदासी. आपल्या आयुष्याचं काय झालं हे पुरतं कळलेला माणूस खिन्न असणं स्वाभाविक आहे, आणि त्या उदासीवर वेगळा उपचार असतो. तो कधी मरणाबद्दल, आपण नसलेलंच बरं अशा अर्थाचं काही बोलला, तर ते आजारातलं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. त्याला सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. टेली मानस ही सरकारची मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

चौथं, आवाज अजून येत असतील. तो सांगत नसेल, कारण मागे सांगितलं तेव्हा डोस वाढला किंवा घरात रडारड झाली. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस घेऊनही आवाज येत राहिले तर क्लोझापिन नावाचं औषध असतं. इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारात त्याचा अनेकांना उपयोग होतो. पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवण्यासाठी सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्ततपासणी लागते, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी ते सुरू करायला डॉक्टर कचरतात. तुम्ही स्वतःहून विषय काढलात तर बिघडत नाही.

आणि पाचवं, अगदी साधं. सहा वर्षांत कुणी ज्याला एकही काम सांगितलं नाही, त्याने उठायचं कशासाठी? व्हरमाँटची तुलना पुढे मेन या जवळच्याच राज्यातल्या रुग्णांशी केली गेली. वय, निदान, आजाराचा काळ जुळवून घेतला होता. औषधं दोन्हीकडे होती. व्हरमाँटची माणसं कामधंद्यात पुढे निघाली आणि त्यांची लक्षणंही कमी होती. संशोधकांनी त्याचं श्रेय मुख्यतः व्हरमाँटच्या पुनर्वसनाला दिलं: राहायला जागा, करायला काम आणि पाठीशी माणसं.

म्हणून काम द्या, पण इंजिनिअरची नोकरी शोधायला बसू नका. दूध संकलन केंद्रावर सकाळी एक तास नोंदी करणं, ओळखीच्या दुकानात मालाची यादी, घरच्या वीजबिलांची आणि गॅसच्या नंबरांची जबाबदारी. काम खरं असावं, कुणाला तरी त्याची गरज असावी आणि जमलं तर हातात थोडे पैसे यावेत. या आजारातल्या लोकांना आधी वर्षभर प्रशिक्षण आणि मग नोकरी यापेक्षा थेट छोट्या खऱ्या नोकरीला लावून पाठीशी उभं राहण्याने कितीतरी जास्त जण कामाला टिकतात, हे अनेक देशांत तपासलं गेलं आहे. पहिल्या आठवड्यात तो दोन दिवस जाईल आणि तिसऱ्या दिवशी जाणार नाही. असं होणारच आहे, त्याचा पंचनामा करू नका.

आता पप्पा. त्यांच्यावर रागावू नका, पण त्यांना एक आकडा दाखवा, मास्तर माणसाला आकडा पटतो. लंडनमध्ये व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी १९७६ साली घरातल्या वातावरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा अति काळजी होती, तिथे परतलेल्या रुग्णांपैकी ५१ टक्क्यांना नऊ महिन्यांत पुन्हा झटका आला. शांत घरांत तेच प्रमाण १३ टक्के होतं. पुढे चंदीगडमध्येही असा अभ्यास झाला. तिथल्या कुटुंबांत लंडनपेक्षा टीका कमी आढळली, पण जिथे राग आणि तिरस्कार होता तिथे झटका येण्याचं प्रमाण जास्त होतं. याचा अर्थ आजार घरच्यांनी आणला असा बिलकुल नाही. अर्थ एवढाच की 'ऊठ' ही हाक दिवसातून दहा वेळा तिघांनी मारण्याऐवजी एकाने एकदाच मारावी.

टीकेसोबत अति काळजीही त्या यादीत आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आईने पुन्हा भजनी मंडळात जाणं हा दादाच्या उपचाराचा भाग आहे, असं तिला सांगा. स्वतःसाठी म्हणून ती जाणार नाही.

गोळ्यांबद्दल. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात गोळ्या चालू असलेल्यांपैकी २७ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा झटका आला, बंद करून औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांना. मग आयुष्यभर घ्यायच्या का? यावर तज्ज्ञांमध्ये खरोखर वाद आहे, आणि तो तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. नेदरलँड्समध्ये पहिल्या झटक्यातून बाहेर आलेल्या ज्यांचा डोस लवकर कमी करत नेला, त्यातले सात वर्षांनी जास्त जण सावरलेले दिसले. हाँगकाँगमध्ये उलटं घडलं. वर्षभर ठीक असलेल्या रुग्णांच्या गोळ्या थांबवून पाहिल्या, तर दहा वर्षांनी त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांची स्थिती वाईट होती, गोळ्या चालू ठेवलेल्यांमध्ये २१ टक्क्यांची. ब्रिटनमधला २०२३ चा अभ्यास जुन्या रुग्णांवरचा. डोस हळूहळू कमी केल्याने दोन वर्षांत त्यांचं सामाजिक जीवन काही सुधारलं नाही, आणि गंभीर झटके मात्र वाढले. तुमच्या घरात हा प्रयोग एकदा झाला आहे आणि निकाल तुम्ही पाहिला आहे. तेव्हा बंद करण्याचं नाव घेऊ नका. डोस किंवा औषध बदलता येईल का, हा प्रश्न मात्र विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रोजच्या गोळीचा घरात वाद होत असेल तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही मिळतात.

वीस किलो वजन ही दुय्यम गोष्ट समजू नका. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचं मोठं कारण हृदयविकार, मधुमेह असे शरीराचे आजार आहेत. मनाचा डॉक्टर पोट बघत नाही आणि पोटाचा डॉक्टर 'मानसिक पेशंट' म्हणून नीट ऐकून घेत नाही, अशी या लोकांची कुचंबणा होते. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, कमरेचा घेर वर्षातून एकदा तरी तपासायला हवा. काही औषधांनी वजन फार वाढतं, काहींनी कमी, त्यामुळे बदलाचा विचार होऊ शकतो. वाढलेल्या वजनावर मेटफॉर्मिनसारखं औषधही देतात. तो विडी-सिगारेट ओढत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. धुराने काही औषधांचं रक्तातलं प्रमाण कमी राहतं आणि अचानक सोडली तर ते वाढतं.

पाच मिनिटांच्या भेटीचं काय करायचं, ते यातून तुमच्या लक्षात आलं असेल. जाण्याआधी एक कागद लिहून न्या, एकच. वरती: तो किती वाजता झोपतो, किती वाजता उठतो, दिवसात काय करतो. खाली तीन प्रश्न, तीनच: हे पडून राहणं औषधाने, आजाराने की उदासीने? वजनाचं काय करायचं? आणि बिघडायला लागलं तर पहिली खूण कोणती, तेव्हा फोन कुणाला करायचा? शेवटचा प्रश्न विसरू नका. झोप उडणं, दारं-खिडक्या बंद करणं, फोनला घाबरणं, प्रत्येकाची खूण ठरलेली असते आणि मागच्या दोन्ही वेळी ती तुम्ही पाहिली आहे. ती लिहून ठेवा. भेट एवढी आखडती राहणारच असेल, तर सहा महिन्यांतून एकदा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात किंवा साताऱ्या-पुण्यात दुसरा सल्ला घ्या. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आहे, डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून ती उभी केली. तिथे घरच्यांसाठी स्वमदत गट चालतात. ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. आईला एकदा अशा गटात घेऊन जा. दुसऱ्या कुणाची आई तेच बोलते आहे हे ऐकणं, माझ्या दहा उत्तरांपेक्षा जास्त कामाचं.

तुमच्या पत्रात पप्पांचं मत आहे, मामांचं आहे, डॉक्टरांचं आहे, मावशींचंही आहे. दादाचं एकही वाक्य नाही. त्याला काय हवं आहे, हे कुणी विचारलं आहे का? 'तू काय ठरवलंस' असला मोठा प्रश्न नको. 'या आठवड्यात एक गोष्ट करायची झाली तर काय करशील' एवढंच, आणि उत्तराला दोन दिवस लागले तरी थांबायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला एक हक्कही दिला आहे. पुन्हा कधी आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे तो बरा असताना लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस स्वतः नेमू शकतो. तो माणूस तुम्हीच असाल असं गृहीत धरू नका. कदाचित तो एखाद्या मित्राचं नाव सांगेल.

मामांचं स्थळ. याबाबतीत मी मवाळ बोलणार नाही. लग्न हा उपचार नाही. गरीब घरातली मुलगी बघितली याचा सरळ अर्थ, ती तक्रार करायला माहेरी जाऊ शकणार नाही. आजार लपवून लग्न केलं तर हिंदू विवाह कायद्यानुसार ते कोर्टात रद्द ठरवून घेण्याची दारं उघडी राहतात, आणि त्या धक्क्याने दादाचं काय होईल याचा विचार मामांनी केलेला नाही. या आजारातल्या माणसाने लग्नच करू नये, असं मात्र मी म्हणत नाही. अनेकांची लग्नं टिकली आहेत. नुसतं स्किझोफ्रेनियाचं निदान हे घटस्फोटाला पुरेसं कारण नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ साली म्हटलं आहे. त्याला स्वतःला हवं असेल, तो थोडं कमावत असेल, आणि समोरच्या मुलीला डॉक्टरांसमोर बसून सगळं सांगितलेलं असेल, तेव्हा बघू. आज तो आंघोळीला उठत नाही, आज नको.

आता तुमचं लग्न. भावाचा आजार पहिल्या भेटीत ताटात वाढायची गरज नाही. कायदाही ते मागत नाही. पण बोलणी पुढे गेली, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मुलगा ठीक वाटला, की साखरपुड्याच्या आधी त्याला स्वतः सांगा. मध्यस्थांकरवी नको, आत्याबाईंकडून तर नकोच. चार वाक्यं पुरतात: माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, सहा वर्षं तो गोळ्यांवर ठीक आहे, पुढे त्याची काही जबाबदारी माझ्यावर येईल, तुम्हाला यात काय विचारायचं आहे? काही स्थळं इथेच फिरतील. ती पुढेही फिरलीच असती, तेव्हा तुमच्या गळ्यात मंगळसूत्र असतं. आणि दादाला मावशीकडे पाठवणं बंद करा. आपल्याला घरातून का काढतात हे त्याला समजत नाही, असं समजू नका. त्याला पाहुण्यांसमोर यायचं नसेल तर त्याने आपल्या खोलीत थांबावं, तो त्याचा निर्णय असेल.

मुलांचं विचारलंत. सर्वसाधारणपणे शंभरात एकाला हा आजार होतो. आजारी माणसाच्या भाच्यांमध्ये ते प्रमाण शंभरात साधारण तीन-चार धरतात. म्हणजे ९५ हून अधिक जणांना होत नाही. एवढ्यासाठी मूल नको म्हणण्याचं कारण मला दिसत नाही.

राहिला तो प्रश्न, ज्याच्यामुळे तुम्हाला झोप लागत नसावी. आई-पप्पांनंतर काय? तुम्ही धरून चालला आहात की दोनच वाटा आहेत: लग्न सोडून त्याच्याजवळ राहायचं, नाहीतर त्याला टाकून जायचं. तुम्ही लग्न केलं नाहीत तरी बँकेत बदली होईल, तुम्ही आजारी पडाल, तुमचंही वय होईल. एका माणसावर उभी केलेली व्यवस्था त्या माणसाबरोबर कोसळते. त्याने स्वतःची गोळी स्वतः घेणं, भात-आमटी करणं, एसटीने साताऱ्याला जाऊन डॉक्टरांना दाखवून येणं, खातं स्वतः वापरणं, हे आत्तापासून एकेक करून शिकवा. आई-पप्पा हयात असताना शिकणं आणि ते गेल्यावर दुःखात शिकणं यात फार फरक आहे. तुमच्या वाट्याला पैशाचा हिशेब आणि वर्षातून दोन डॉक्टरभेटी येतील, चुलतभावाच्या वाट्याला घराची देखभाल. हे आज बोलून ठरवून घ्या, चुलतभाऊ नाही म्हणाला तर तेही आजच कळलेलं चांगलं.

आणि कागदपत्रं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं, दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्क्यांहून कमी नसेल तर त्यावर सवलती आणि सरकारी नोकरीतलं आरक्षणही. लोक काय म्हणतील म्हणून घरं हे टाळतात. कार्ड कपाटात ठेवायचं असतं, दारावर लावायचं नसतं. शिवाय पप्पा निवृत्त शिक्षक आहेत. आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांत आहे. त्यासाठी काय लागतं, दादाच्या थोड्याफार कमाईचा त्यावर काय परिणाम होतो, दादाचं नाव त्यांच्या कागदांत कसं लावायचं, हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आणि कोषागारात विचारून घ्यावं लागेल. अर्ज, दाखले, जोडपत्रं, हेलपाटे असं हे काम आहे. ते पप्पांकडे द्या. सरकारी अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारं गावात दुसरं कुणी नसेल, आणि मुलासाठी ओरडण्यापलीकडे काही करायला मिळालं तर त्यांनाही ते हवंच असेल.